तो हेडफोन माह्या पसंतीचा होता

परभा, तुले जाऊन अठरा दिवस झाले अन् मी अजून चिडूनच आहो. रडलो नाई असं नाई. रडलो, गंज रडलो. पण रडून झालं का राग येते, अन् तो कोणावर काढाचा ते समजत नाई. तुह्यावर काढावं त तू नाई. कौसल्यावहिनीवर काढावं त तिनं काय केलं? म्हणून आज वही घेऊन बसलो.

आधी तुह्या जलदान विधीच्या दिवशीचं सांगतो. भन्तेजी आले, वंदना झाली, अन् मंग भाषणं सुरू झाले. आपल्या घुग्घुसात माणूस मेला का ज्यानं त्याले जिंदगीत एक कप चहा पाजला नाई तोही उठून बोलते. तू असता त माह्या पाठीत कोपर मारून म्हणला असता, "मनोहर, याले कोणी माइक देल्ला बे?" चार जण बरे बोलले. पाचवे उठले उत्सव समितीचे गुणवंतराव. गळा साफ केला, अन् आपली भाषणातली भाषा काढली. म्हणे, "प्रभाकर हा गुणी कलावंत होता. परंतु बिचाऱ्याजवळ साधनं नव्हती. भंगारातल्या टेलिफोनच्या डबड्यांचा हेडफोन करून त्यानं कॅसेटी भरल्या. त्यामुळेच त्या एका भीमजयंतीला ती कॅसेट बिघडली. चांगला हेडफोन मिळाला असता तर हा माणूस कुठल्या कुठे गेला असता."

लोकाइनं माना हालवल्या. बाया चक् चक् करू लागल्या. तुले बिचारा म्हणलं बे! तुह्या फोटोसमोर उभं राहून, तुले वाहाचं पांढरं फूल हातात घेऊन तुले बिचारा म्हणलं.

अन् मी दुसऱ्या लाइनीत बसून होतो. उठून "खोटं आहे" म्हणाले किती वेळ लागते? मी उठलो नाई. माही बायको शेवंता बायाइत बसली होती, समोर पाहत. तिनं मान हालवली नाई, पण 'खोटं आहे' असंही तिच्या चेहऱ्यावर काई नव्हतं. कसं राहीन? तिले काय माहीत?

ती कॅसेट टेलिफोनच्या डबड्यानं बिघडली नाई, परभा. ती माह्या चांगल्या हेडफोननं बिघडली. हे तुले माहीत होतं अन् मले माहीत होतं. तू गेला अन् ते एकट्या मलेच माहीत राह्यलं, अन् तेच मले खात होतं.

आपल्या सावली गावच्या शाळेत एका पट्टीवर बसणारे आपण दोघं. धानाचे बांध सोडून घुग्घुसच्या धुळीत आलो तेही एकाच वर्षी. तू खाणीच्या वर्कशॉपात जळालेल्या मोटरीइची कॉइल बांधाले लागला, मी हजेरी ऑफिसात बाबू झालो. पंखा अन् खुर्ची भेटली त माही मान कशी ताठ झाली ते तुले कायले सांगू, तू त पाह्यतच होता. "बाबूसाहेब, मान दुखन," म्हणे तू. तुह्या क्वार्टरात दोन टेपरेकॉर्डर, चंद्रपूरच्या एका बँडपार्टीकडून जुना घेतलेला चार माइकचा मिक्सर, अन् तुहा तो बेंजो. आधी ढोलक, पेटी अन् बेंजो एका टेपात भराचा. मंग तो टेप वाजवाचा, गाणाऱ्याच्या तोंडासमोर माइक ठेवाचा, अन् दोन्ही मिळून दुसऱ्या टेपात. कोणाले किती वर घ्याचं, कोणाले किती खाली, याले तू मिक्सिंग म्हणे. असा तोंड भरून म्हणे का जसं खाणीचं मोठं साहेबपद.

फर्स्ट शिफ्ट करून आला का दुपारी भिंतीवर गोधड्या टांगाच्या, वहिनीले स्टोव्ह बंद कराले लावाचा, अन् सुरू. तरी एका गाण्यात तिसऱ्या कडव्याले कोळशाचा ट्रक हॉर्न मारूनच गेला. लोकाइले वाटलं मुद्दाम टाकला आहे. मूल गावाकडचा एक पोट्टा तुले येऊन म्हणे, "भाऊ, तो हॉर्न कोणत्या वाद्याचा आहे?" तू त्याले सांगतलं, "टाटा."

गाणारा गात असताना स्पीकर चालू ठेवता येत नाई, माइकात आवाज जाऊन कुत्र्यासारखा केकाटते. म्हणून हेडफोन पाह्यजेच. तुनं तो घरीच केला. भंगारवाल्याकडून टेलिफोनचे दोन रिसीवर आणले, त्याइच्यातले ऐकाचे डबे काढले, फुटक्या हेल्मेटचा आतला पट्टा घेतला, सायकलच्या सीटचा स्पंज कापला अन् वहिनीनं त्याले ब्लाउजच्या कापडाचे खोळ शिवून देल्ले. एका कानाले जांभळा, एका कानाले पोपटी. पयल्यांदा तुले ते घालून बसलेला पाह्यलं अन् मी हसून हसून खाटेवर पडलो. "अबे, तू त टेलिफोन ऑपरेटरचा भूत दिसून राह्यला!"

तुले राग नाई आला. तू मले बसवलं अन् समजावून सांगतलं. "हे पाह्य मनोहर, आपलं गाणं लोकं ऐकतेत कुठी? विहाराच्या निंबाले बांधलेल्या भोंग्यावर. भोंगा जाडा आवाज गिळते अन् बारीक आवाज थुकते. माहे हे डबे बी तसेच आहेत. जे भोंग्यातून येणार नाई ते यातून बी येत नाई. मंग कोण मरून राह्यलं ते मले आधीच समजते."

तू त सुटीच्या दिवशी एसटीनं सावलीले जाऊन हे पाह्यत होता. विहारात तुही कॅसेट लागली का तू गावाबाहेर धानाच्या बांधावर जाऊन उभा. मान वाकडी करून, डोळे मिटून ऐके. गावातल्या म्हाताऱ्या म्हणत, "हा परभा गावात आला का इकडंच जाते, अन् टमरेलही नेत नाई." सारं गाव हसे, अन् तूही हसे. पण चिठ्ठीवर लिहून आणे, 'दुसऱ्या कडव्यात ढोलक मेला'. असं काम कराले साधनं लागत नाईत, कान लागते. गुणवंतरावले हे कोण सांगन?

मी म्हणे, भोंग्याचे दिवस चालले. आता ज्याच्या त्याच्या क्वार्टरात टू-इन-वन येऊन राह्यला, बायका स्वयंपाक करताना ऐकतेत, त्याइच्यासाठी मिक्सिंग कर. तू म्हणे, ज्याच्या घरी टेप नाई त्यानं काय कान कापून ठेवाचे? हे भांडण आपलं कधी मिटलंच नाई. अन् सांगू काय, त्याच्यात मी पुरा चूक नव्हतो. तू मेला म्हणून आता तुह्या हो ले हो लावणार नाई. पण त्या एका कॅसेटीच्या बाबतीत मी चूक होतो, धडधडीत चूक होतो.

शेवंतानं गाणं बांधलं होतं. तिच्या मायनं छप्पनच्या साली उभं धान सोडून, शेवंतेले कडेवर घेऊन दीक्षेसाठी नागपूर गाठलं, त्याचं. रस्त्यात कोणी पाणी देल्लं, कोणी नाई देल्लं, गावाइची नावं घेऊन. मायले लिहिता येत नव्हतं, म्हणून लेकीनं गाऊन ठेवलं. तिनं पयल्यांदा तुह्यासमोर म्हणलं तेव्हा तू बेंजोले हात लावला नाई. मंग म्हणला, "वहिनी, हे भरू. यातला एक शब्द बी वाया जाऊ नये." शेवंता त्या दिवशी घरी येऊन भांडे घासताना गुणगुणत होती. लग्नाले बारा वर्षं झाले होते, मी तिले असं पयल्यांदा पाह्यलं.

अन् मंग माह्यातला बाबू जागा झाला. माह्या बायकोचं गाणं डबड्यावर भराचं नाई म्हणलं. सायकल घ्याले ठेवलेले पैसे काढले, तुले ओढत नागपूरले नेलं. तू बसमध्ये म्हणलाच, "तुह्या बायकोले नवा हेडफोन, अन् दुसऱ्याइच्या बायका काय उधारीच्या गळ्यानं गातेत?"

सीताबर्डीच्या दुकानात तीन हेडफोन काढले. तुनं खिशातून आपलीच एक जुनी कॅसेट काढली अन् दुकानदाराले लावाले लावली. तो म्हणे, "भाईसाब, हमारे पास अच्छा इंग्लिश म्यूजिक है, उसपे सुनो." तू म्हणला, "अच्छा नहीं चाहिये. मेरा खराब वाला लगाओ." त्या कॅसेटीत ढोलकवाल्याची अंगठी ढोलकाच्या कडेले लागत होती, ते तुले माहीत होतं. तू ती अंगठी शोधत होता. पयला लहान, स्पंजवाला. त्यात अंगठी आली पण बाकी आवाज पत्र्याच्या डब्यात गोटे हालवल्यासारखा. दुसरा आपल्याच देशातला, दिसाले शाळेच्या कंपासपेटीसारखा. घातला अन् तू लगेच हसला. "आहे, अंगठी आहे. पेटीवाला दम घेते तेही आहे." अन् तो स्वस्तही होता. माह्या सायकलीचे दोन्ही चाकं वाचले असते.

तिसरा फॉरेनचा, गाद्या लावलेला. मी घातला अन् माह्या अंगावर काटा आला. ढोलक असा घुमला का छातीत वाजून राह्यला. "हाच घ्याचा," म्हणलं. तुनं घालून पाह्यला, अन् मान हालवली. "अंगठी कुठी गेली?"

"अंगठी नाई ऐकू येत हे चांगलंच आहे ना!"

"मनोहर, हा गोड बोलते. मले गोड बोलणारा नाई पाह्यजे, चुगली करणारा पाह्यजे. गाण्यात काय वाईट होऊन राह्यलं ते कानात येऊन सांगणारा. हा त साऱ्याइले चांगलंच म्हणते."

दुकानदार हसला. मले वाटलं माह्यावर हसला. मी त्याच्यासमोर तुले म्हणलो, "जाऊ दे, तुले चांगल्याची आदतच नाई."

तुनं आपली कॅसेट काढून परत खिशात टाकली. मी पैसे देल्ले, खोकं बगलेत घेतलं. हे वाक्य आपल्याले आपल्या बापाच्या काळापासून कोणी कोणी ऐकवलं, अन् मी ते तुले ऐकवलं. एका हेडफोनसाठी! वरोऱ्यापर्यंत तू खिडकीतून बाहेर पाह्यत होता. वरोऱ्याले तुनं भुईमुंगाच्या भाजलेल्या फल्ल्या घेतल्या अन् अर्ध्या माह्या हातात देल्ल्या. तुले तेवढंच येत होतं, भांडण मिटवाले. मी माफी मागतली नाई, फल्ल्या खाल्ल्या.

गाणं भराच्या दिवशी तू खिळ्यावरचा आपला हेडफोन काढाले हात वर केला. मी तुह्या मागंच उभा होतो, पोलीस उभा राह्यते तसा. "आता तरी ते राहू दे," म्हणलं. तुनं हात खाली घेतला अन् माहा घातला. शेवंता गायली. असं गायली का कौसल्यावहिनी दारात उभी राहून पदर चावत होती. मंग मीही ऐकलं. काय घुमत होता ढोलक! शेवंताचा आवाज कसा लोण्यासारखा! मी "वा" म्हणलो.

तू म्हणला, "बेंजो जास्त होऊन राह्यला काय?"

"बिलकुल नाई."

"एकदा भोंग्यावर लावून पाहू काय?"

आता आपल्या इथची पद्धत तुले माहीतच होती. नवी कॅसेट जयंतीच्या सकाळीच पयल्यांदा वाजते, साऱ्याइच्या समोर. त्याच्या आधी भोंग्यावर लावली का नवेपण जाते. मी म्हणलं, "पागल झाला काय? पद्धत मोडतं?" खरं म्हणजे मले पद्धतीशी काय घेणं होतं! मले फक्त तुहं खरं निघू द्याचं नव्हतं.

जयंतीची सकाळ. शेवंता पांढरं लुगडं नेसून पयल्या लाइनीत. कॅसेट लागली. भोंग्यातून बेंजो असा टणटणत निघाला का निंबावरचे कावळे उडाले. ढोलक गायब. पेटी किंचाळून राह्यली, अन् त्याइच्या मागं कुठीतरी विहिरीतून कोणी बोलावं तसा एक आवाज. माय नाई, गाव नाई, पाणी नाई, एक शब्द समजत नव्हता. माह्या गोड हेडफोननं हेच झाकून ठेवलं होतं. बाजूच्या बाईनं शेवंतेले विचारलं, "शेवंताबाई, तुमचं गाणं कधी लागन?"

अर्धं वाजून झालं होतं.

ती मिरवणुकीले न थांबता घरी निघून आली. मी मागं मागं. ताटावर बसली तेव्हा म्हणे, "परभाकरभाऊनं आपला बेंजो वर केला. बाईचा आवाज खाली ठेवला." अन् माह्याकडं पाह्यलं. मी म्हणाले पाह्यजे होतं, 'नाई, असं नाई, हेडफोन माह्या पसंतीचा होता.' मी म्हणलो, "असन."

असन! एवढाच शब्द. जेवणही पुरं केलं मी.

संध्याकाळी तू आला. दारातच म्हणला, "वहिनी, माह्यानं चुकलं. मिक्सिंग बिघडलं." अन् एकच वेळ माह्याकडं पाह्यलं. मी कॅलेंडरकडं पाह्यत होतो. शेवंता तुले म्हणे, "भाऊ, तुमचा बेंजो बरोब्बर ऐकू आला." अन् आत गेली.

अबे, तेव्हा काऊन बोलला नाई तू? कोणी सांगतलं होतं तुले मोठेपणा कराले? शिव्या द्याच्या होत्या मले, गचांडी पकडाची होती, शेवंतेले सांगाचं होतं का हा तुमचा नवराच माह्या मागं उभा होता. एक दिवस भांडण झालं असतं माह्या घरी, फार त आठ दिवस. तुले वाटलं तू माहं घर वाचवलं. घर वाचवलं नाई, मले खोटं बोलाची सोय करून देल्ली. अन् त्याच्यावर हसत राह्यला. तुह्या या चांगुलपणाचा मले एवढा संताप येते का समोर असता त खरंच मारलं असतं.

अन् आता याच्याहून वाईट सांगतो. त्याच्यानंतर तू दोनदा मले म्हणला, "मनोहर, वहिनीले विचार ना, पुन्हा भरू. माह्या डब्याइवर भरू." दोन्ही वेळी मी तुले सांगतलं, ती नाई म्हणते. परभा, तिले मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांदा चांगली भरली असती त पयली काऊन बिघडली हे लोकाइनं विचारलं असतं. तू मान हालवून म्हणला, "बरोबर आहे त्याइचं." अन् हे ऐकून मी रात्री झोपत होतो, आरामात.

चार वर्षं तिनं गाणं म्हणलं नाई. तू घरी आला का चहा ठेवे, पण समोर बसे नाई. तुह्या मयतीले सारी बस्ती रडली, तिनं कौसल्यावहिनीले धरून ठेवलं, पण तिचे डोळे कोरडे. अन् मी ते पाह्यत होतो.

काल सांगतलं मी तिले. ती तांदूळ निवडत होती. दुकानापासून सारं सांगतलं, अंगठीचं, 'आदत नाई'चं, पुन्हा भराच्या गोष्टीचं. ती निवडत राह्यली. मंग सूप खाली ठेवलं.

"तुमी 'असन' म्हणलं होतं," ती म्हणे.

तिले शब्द याद होता.

"चार वर्षं मी त्या माणसाले पाठ देल्ली. मेला तेव्हा बी मले वाटलं, बरा होता पण बाईचा आवाज याले सहन होत नव्हता. त्यानं त माह्या मायची एक एक गोष्ट दोनदा विचारून वहीत लिहून घेतली होती. मले हे समजाले पाह्यजे होतं. मले समजलं नाई, कारण घरच्या माणसानं 'असन' म्हणलं."

मी म्हणलं, "शेवंता, मले माफ कर."

"मी कोण माफ करणारी? माह्यासमोर बोलून काय होते! ज्या भोंग्यावर त्याचं नाव खराब झालं त्याच भोंग्यावर बोला. परवा पुण्यानुमोदनाच्या सभेत बोला. गुणवंतराव बसले पाह्यजे, ढोलकवाला बसला पाह्यजे, साऱ्या बाया बसल्या पाह्यजेत."

"लोकं काय म्हणतीन?"

"लोकं त्याले काय म्हणत होते ते चार वर्षं ऐकलं ना तुमी? तेव्हा नाई विचारलं."

मंग ती चपला घालून कौसल्यावहिनीकडं गेली. गंज वेळानं आली. डोळे सुजलेले होते. काय बोलल्या ते मले नाई सांगतलं, अन् मीही विचारलं नाई. तो हक्क माहा राह्यला नाई.

उद्या पुण्यानुमोदन आहे. हा कागद घेऊन मी माइकसमोर उभा राहीन. सकाळी शेवंतेले म्हणलं, "तू माह्या बाजूले उभी राह्य, म्हणजे मले धीर येईन."

ती म्हणे, "नाई. मी कौसल्याबाईजवळ बसन. तुमी एकटेच उभे राहा. तो चार वर्षं एकटाच उभा होता."